बांबूचं धनुष्य घडवताना: बेटापासून पहिल्या बाणापर्यंत

धनुष्य हातात धरलं की आपल्याकडे येते ती बाजू पोट, आणि समोर लक्ष्याकडे असते ती पाठ. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. बांबूच्या धनुष्यात पाठ म्हणजे बाहेरची चकचकीत साल. तिला कोयता, कानस, रंधा यातलं काहीही लावायचं नाही. जे काही तासायचं, घासायचं, खरवडायचं ते पोटाकडून. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

कारण डोळ्यांनी दिसतं. ताज्या कापलेल्या बांबूचं तोंड निरखून पाहा. बाहेरच्या कडेला काळसर ठिपक्यांची दाटी असते आणि आत जाल तसे ठिपके विरळ होतात. हे ठिपके म्हणजे बांबूतले उभे धागे. ताण सोसतात ते हेच. सालीवर कानशीचा एक आडवा ओरखडा गेला तरी तिथले धागे तुटतात, आणि धनुष्य पुढे कधीतरी तिथूनच उघडतं. दुकानातून ‘गुळगुळीत करून’ आणलेली काठी म्हणून कधी घेऊ नये.

सातपुड्यातल्या भिल्लांचा तिरकामठा पिढ्यान्‌पिढ्या बांबूचाच आहे. आपल्याकडच्या तिरंदाजी स्पर्धांतही ‘इंडियन राउंड’ नावाचा प्रकार बांबूच्या धनुष्यानेच खेळतात, ३० आणि ५० मीटरवरून. १९८८, १९९२ आणि १९९६ ही तीन ऑलिंपिक खेळलेले लिंबा राम उदयपूर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यातले. त्यांचा हात लहानपणी बांबूच्या धनुष्यावरच बसला. २०२३ मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे बर्लिनला जगज्जेते झाले तेव्हापासून महाराष्ट्रात तिरंदाजीची चौकशी वाढलेली दिसते. त्यांचं कंपाउंड धनुष्य मात्र चाकं, केबल असलेलं यंत्र आहे, ते घरी होत नाही. घरी होतं ते हे.

आपण करणार आहोत ते साडेपाच फुटांचं, २६ इंच खेचीचं (खेच म्हणजे पूर्ण ओढल्यावर दोरी मुठीपासून जितकी दूर येते ते अंतर), आणि तेवढं ओढायला साधारण ३० पाऊंड जोर लागेल असं धनुष्य. ३० पाऊंड म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास. पहिल्या धनुष्याला एवढं भरपूर झालं. ‘५० पाऊंडाचंच करतो’ म्हणणाऱ्यांची धनुष्यं बहुतेक वेळा चुलीत जातात.

बांबू निवडणं

मानवेल उत्तम. नर बांबू, भरीव बांबू म्हणतात तो हाच. कमी पावसाच्या, खडकाळ जागी वाढलेला मानवेल जवळजवळ भरीव असतो आणि तसाच आपल्याला हवा. कोकणात माणगा मिळतो, तोही भरीव आणि काटे नसलेला, सरळ वाढणारा. काटेरी कळक मोठा होतो, पण आतून पोकळ. त्यातला बुंध्याचा जाड भाग घेतला तर धनुष्य होतं, मात्र पहिल्यांदाच करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

जाडी पावणेदोन इंच, म्हणजे ४५ मिलिमीटरच्या आसपास. लांबी सहा फूट घ्या, दोन्हीकडची तीन-तीन इंचं नंतर कापायची आहेत. काठी जमिनीवर लोळवून बघा. नुसतीच एका बाजूला वाकलेली असेल तर शेकून सरळ होते. नागमोडी असेल तर सोडून द्या.

वय तीन वर्षं तरी झालेलं हवं. बांबू पहिल्याच पावसाळ्यात पूर्ण उंचीचा आणि पूर्ण जाडीचा होतो. पुढची वर्षं तो फक्त आतून टणक होत जातो. त्यामुळे नुसत्या जाडीवरून वय कळत नाही. पहिल्या वर्षाच्या काठीवर पांढरी भुकटी असते, पेरांना कोंबाचे खपले चिकटलेले असतात, हिरवा रंग ताजा तुकतुकीत असतो. जुनी काठी मळकट, पेरांजवळ शेवाळाचे, दगडफुलाचे डाग पडलेली. कोयत्याच्या पाठीने ठोकून बघा: कोवळी बद्द वाजते, जून काठी टणटणते. बेटाच्या मधोमध असतात त्या काठ्या जुन्या आणि कडेच्या नव्या, त्यामुळे चांगली काठी नेहमी अडचणीच्या जागी सापडते.

तोडायचा तो दिवाळीनंतर, फेब्रुवारी संपायच्या आत. पावसाळ्यात बांबूत साखर आणि पिष्ट जास्त असतं, त्यावर भुंगा येतो. मग काठीला टाचणीएवढी भोकं दिसतात आणि खाली पिवळी भुकटी सांडते. अमावास्येच्या आसपास तोडलेल्या बांबूला कीड लागत नाही असं जुने लोक सांगतात. पाळायला हरकत नाही, पण महिना चुकवून नुसती तिथी पाळली तर उपयोग नाही. कापताना जमिनीलगतच्या पेराच्या जरा वर कापा, म्हणजे खुंटात पाणी साचून कंद कुजत नाही.

कायद्याचं एक. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडांत होती. २०१७ च्या दुरुस्तीने ती काढली, त्यामुळे वनक्षेत्राबाहेरचा, शेतातला, बांधावरचा बांबू तोडायला आणि न्यायला परवान्याची गरज उरली नाही. जंगलातल्या बांबूला हे लागू नाही. शेतकऱ्याकडून किंवा वखारीतून घेणं सगळ्यात बरं.

चिरणं

यात एक गोष्ट अशी आहे जी पाहिल्याशिवाय सुचत नाही. बांबूला फांद्या फुटतात त्या एका पेराला डावीकडे, पुढच्या पेराला उजवीकडे, पुन्हा डावीकडे, अशा. सगळे डोळे दोन समोरासमोरच्या उभ्या रेषांवर येतात. चीर नेमकी या दोन रेषांतून गेली पाहिजे. म्हणजे दोन्ही फाळींत डोळ्यांचे वण कडेला जातात आणि पाठीचा मधला कणा अभंग राहतो. वण कण्यावर आला तर धागे तिथे वळसा घालून जातात आणि धनुष्य तिथेच मोडतं. काठीच्या दोन्ही तोंडांवर ही रेषा पेन्सिलीने आधी आखून घ्या.

शेंड्याकडून सुरुवात करा. कोयता रेषेवर ठेवून लाकडी मोगरीने हलके ठोके द्या. पाते आत गेलं की पीळ द्यायचा, चीर आपोआप पुढे पळते. पेराशी अडते, तिथे पुन्हा ठोका. चीर मध्य सोडून एका बाजूला सरकू लागली तर घाबरून उलटा घाव घालू नका. जी फाळ जाड होत चालली आहे ती बाहेरच्या बाजूला जास्त वाकवा. चीर वाकवलेल्या बाजूकडे ओढली जाते आणि परत मध्यावर येते. बुरुडांच्या हातांना ही गोष्ट इतकी सवयीची असते की ते बोलत बोलत करतात.

एका काठीतून दोन फाळी निघतात. सरळ, सारख्या पेरांची ती धनुष्याला, दुसरीवर आधी हात साफ करून घ्या.

वाळवणं

दोन्ही तोंडांना फेविकॉलचा जाड थर किंवा वितळलेलं मेण लावा, नाहीतर टोकं आधी सुकून उभ्या भेगा पडतात. फाळी सावलीत, वारा लागेल अशा जागी, उभ्या किंवा आडव्या टेकू देऊन ठेवा. माळ्यावर पत्र्याखाली ठेवू नका, तिथे उन्हाळ्यात भट्टी होते.

दोन ते तीन महिने लागतात. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर फाळ तोला आणि आकडा तिच्यावरच पेन्सिलीने लिहून ठेवा. सलग दोन-तीन आठवडे वजन तेवढंच भरलं की फाळ वाळली. डिसेंबरात तोडलेला बांबू गुढीपाडव्याला कामाला येतो. ओल्या बांबूचं धनुष्य पहिल्या दिवशी छान वाकतं आणि आठवड्यात वाकलेलंच राहतं.

अवजारं

कोयता, छोटा रंधा, पटाशी, सपाट कानस, एक गोल कानस, पॉलिश पेपर, दोन क्लॅम्प, मोजपट्टी, पेन्सिल. खरवडायला लोखंडी स्क्रेपर किंवा फुटलेल्या काचेचा सरळ कडेचा तुकडा, कापडात धरून. काच बांबूवर अप्रतिम चालते, पातळ कुरळी साल निघते. सामान तोलायचा टांगता काटा लागेल, आणि एक पुली. विजेचं सँडर असेल तर पहिल्या धनुष्याला ते कपाटात राहू द्या. त्याने लाकूड किती गेलं हे गेल्यावर कळतं.

आखणी आणि कच्चा आकार

फाळ ६६ इंचांवर कापा. कापताना पेरं मध्यापासून दोन्हीकडे जमेल तितकी सारख्या अंतरावर येतील असं बघा. मधोमध पेर आलं तर फारच चांगलं, मुठीला आधार मिळतो. बुंध्याकडचं टोक खालच्या बाजूला. बुंध्याकडे भिंत जाड असते, आणि धनुष्याचा खालचा बाहू (मुठीपासून टोकापर्यंतचा अर्धा भाग) थोडा ताठच हवा असतो.

पोटावर मध्यरेषा काढायची ती दोरा ताणून. दोन्ही टोकांच्या मध्यावर खिळा, त्यांत ताणलेला दोरा, त्याखाली पेन्सिलीचे ठिपके. फाळ किंचित वाकडी असेल तर ती इथे कळते आणि शेकून आधी सरळ करता येते.

मध्यापासून प्रत्येक बाहूच्या अर्ध्यापर्यंत पूर्ण रुंदी ठेवायची. तिथून टोकाकडे निमुळतं करत जायचं, टोकाला अर्धा इंच. कडा कोयत्याने तासून मग कानशीने. इथे कोयता धाग्याच्या दिशेने, रुंदीकडून निमुळत्या टोकाकडेच चालवायचा. उलट चालवला तर चीर आत घुसते.

आता जाडी. आतले पडदे पटाशीने काढून टाका. फाळ सपाट दगडावर पोट वर करून ठेवा आणि रंध्याने पोट समतल करत चला. मुठीशी सहा सूत, तिथून पुढे चार सूत, टोकाशी तीन सूत. (सुताराकडे न वाढलेल्यांसाठी: आठ सूत म्हणजे एक इंच, एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरच्या जरा वर.) बांबूची पाठ गोल असल्यामुळे पोट जसजसं खाली जातं तसतशी रुंदीही आपोआप थोडी कमी होते, ती कमी होणार हे धरूनच चला. पेरांपाशी पोटाकडून केसभर उंचवटा राहू द्या. तिथे धागे सरळ जात नाहीत, म्हणून तेवढी भर हवी.

ही मापं अखेरची नाहीत. इथपर्यंत यायचं आणि थांबायचं. यापुढे मोजपट्टीपेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवायचा आहे, कारण दोन बांबू सारखे नसतात.

शेकणं

कोळशाची शेगडी, ज्वाळा अजिबात नकोत. बाक आलेला भाग निखाऱ्यांपासून वीतभर उंचीवर धरून सतत पुढे-मागे हलवा. दोन-तीन मिनिटांत सालीवर बारीक थेंब उभे राहतात. बांबूच्या अंगचं तेल ते. जुन्या सुती फडक्याने पुसून घ्या, सालीला त्याने झकास चकाकी येते. तेल सुटलं की बांबू मऊ पडतो. मग झाडाच्या बेचक्यात किंवा क्लॅम्पमध्ये धरून हळूहळू, हव्या त्याहून जरा जास्त वाकवायचा आणि थंड होईपर्यंत तसाच धरून ठेवायचा. वरून ओलं फडकं फिरवलं की लवकर बसतो.

सरळ झाल्यावर पोटाची बाजू निखाऱ्यांकडे करून सगळ्या लांबीभर हलका शेक द्या, भाजणीच्या रंगापर्यंत. दाब सोसायची पोटाची ताकद त्याने वाढते आणि कायमचा बाक कमी बसतो. पाठीकडून असा शेक देऊ नका, साल ठिसूळ होते. शेकल्यावर दोन-तीन दिवस धनुष्य वाकवायचं नाही. उष्णतेने उडालेला ओलावा त्याला हवेतून परत घेऊ द्या.

खाचा

टोकापासून अर्धा-पाऊण इंच अंतरावर, फक्त दोन्ही कडांना, गोल कानशीने तिरप्या खाचा. खोली जेमतेम एक सूत. खाच पाठीवरून आडवी नेऊ नका. बांबू लांबीच्या दिशेने सहज फाटतो, म्हणून खाचेच्या खाली, मुठीच्या बाजूला, इंचभर जागेत तागाचा किंवा मजबूत सुती दोरा घट्ट गुंडाळून गोंद पाजा. हे नंतर करू म्हणून सोडायचं नाही, पहिल्या ओढीच्या आधी झालं पाहिजे.

टिलरिंग

दोन्ही बाहू सारखे आणि गोलाईत वाकतील असं करत नेणं याला तिरंदाज टिलरिंगच म्हणतात. अर्ध्याहून जास्त वेळ इथे जातो आणि जायलाच हवा.

त्याआधी एक गणित. पट्टीचा ताठपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात असतो, पण जाडीच्या घनाच्या. जाडी दुप्पट झाली तर ताठपणा आठपट. उलटही खरं: दहा मिलिमीटरच्या पट्टीवरून एक मिलिमीटर काढला की तिथला ताठपणा २७ टक्क्यांनी उतरतो. म्हणजे काचेच्या पंधरा-वीस फेऱ्यांत धनुष्याचा स्वभाव बदलू शकतो. रंधा इथे बाजूला ठेवायचा तो यासाठी.

सुरुवात जमिनीवर. एक टोक जमिनीला टेकवा, दुसरं हातात, आणि मुठीवर हलका दाब देऊन बाहू कसा वाकतो ते बघा. मग उलटं करून दुसरा. दोन्ही बाहू थोडेतरी वाकू लागले की लांब दोरी बांधा, धनुष्याहून चार-पाच इंच मोठी, सैल लोंबणारी.

भिंतीवर खांद्याच्या उंचीला मुठीएवढ्या खाचेचा लाकडी ठोकळा पक्का बसवा. धनुष्याची मूठ त्यात, पाठ वर, दोरी खाली. दोरीला आकडा, आकड्याला टांगता काटा, काट्याची रस्सी खाली जमिनीतल्या पुलीतून फिरवून आठ-दहा फुटांवर तुमच्या हातात. मागे भिंतीवर दर दोन इंचांना आडव्या रेषा मारून ठेवा. जवळ उभं राहून धनुष्य वाकवलं तर काहीच कळत नाही, आणि मोडलं तर तुकडा तोंडावर येतो. डोळ्यांना चष्मा लावा आणि धनुष्याच्या रेषेत कुणाला उभं करू नका, पोरांना तर नाहीच.

आता ओढा, पण ३२-३३ पाऊंडांच्या वर कधीच नाही. दोरी दोनच इंच खाली आली आणि काट्यावर तेवढे दिसले तर तिथेच थांबायचं. काटा उतरेल तशी खेच वाढवत न्यायची. ‘जरा जास्त ओढून बघू’ म्हटलं की पोटाकडचे धागे चिरडतात आणि ते पुन्हा उभे राहत नाहीत.

वाकलेल्या धनुष्यात बघायचं काय? जिथे पट्टी सरळ दिसते तो भाग ताठ आहे, तिथलं पोट खरवडा. जिथे कोपरा झाल्यासारखी एकदम वाकते तो भाग कमजोर. त्याला हात लावू नका. त्याच्या दोन्ही बाजूंचं काढा, म्हणजे तोही इतरांच्या रांगेत येतो. नवखा माणूस नेमका वाकणाऱ्या जागीच खरवडत बसतो, कारण तिथे काहीतरी घडताना दिसत असतं.

डोळ्यांना मदत म्हणून सहा इंचांची एक सपाट पट्टी घ्या, मधोमध भोक पाडून त्यात पेन्सिलीचा तुकडा घट्ट बसवा. धनुष्य थोडं वाकवून बांधून ठेवा आणि ही पट्टी पोटावरून फिरवा. पेन्सिल इतकी बाहेर काढा की सगळ्यात जास्त वाकलेल्या जागी ती जेमतेम टेकणार नाही. मग जिथे जिथे रेघ उमटेल तिथे धनुष्य ताठ आहे. पेरांवर राखलेल्या उंचवट्यांवर ती नेहमीच रेघ मारेल, तिकडे दुर्लक्ष करा.

दर खरवडीनंतर वीस-तीस वेळा हलक्या हाताने ओढून सोडा. बांबूला नवा आकार लगेच समजत नाही. खरवडून न वाकवताच पुन्हा खरवडलं तर काढलेलं जास्त होतं. दर फेरीला मोबाइलवर समोरून फोटो काढा आणि फोटो उलटा करून बघा. डावा-उजवा फरक उलट्या फोटोत चटकन डोळ्यांत भरतो.

लांब दोरीवर दोन्ही टोकं पाच-सहा इंच खाली आली, तेही सारखी, की खरी दोरी चढवायची वेळ झाली. आधी फक्त तीन-चार इंच उंचीवर. पूर्ण चढवल्यावर मुठीपासून दोरीचं अंतर सहा इंच हवं: मूठ वळून अंगठा उभा केला की जेवढं होतं तेवढं.

मुठीपासून सारख्या अंतरावर, समजा आठ-आठ इंचांवर, दोन्ही बाहूंचं दोरीपासूनचं अंतर मोजा. वरच्या बाजूला एक ते दोन सूत जास्त भरायला हवं. बाण हाताच्या वरून जातो, म्हणून खालचा बाहू तेवढा ताठ ठेवतात.

२६ इंचांवर काटा ३२-३३ दाखवू लागला की थांबा. शेवटचे दोन-तीन पाऊंड पॉलिश पेपरच खातो. तुमची स्वतःची खेच काढायची असेल तर दोन्ही हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतचं अंतर इंचांत मोजा आणि अडीचने भागा. धनुष्य ज्या खेचीला केलं त्याहून जास्त ओढायचं नाही, ते मित्राला दिलं तर त्यालाही सांगायचं.

दोरी

भिल्लांच्या धनुष्याला दोरीच्या जागी बऱ्याचदा बांबूचीच कामटी असते. उरलेल्या फाळीतून पेराचा त्रास कमी असलेली, दोन सूत रुंदीची साल काढायची, आतला भुसभुशीत भाग काचेने खरवडून ती लवचिक होईपर्यंत पातळ करायची, दोन्ही टोकांना गाठीसारखं बोंड राखायचं आणि त्यात सुतळीचे फास अडकवायचे. पावसात ती सैल पडत नाही, हा तिचा मोठा गुण. मात्र ती काढायला हात तयार लागतो.

सोपा मार्ग म्हणजे पिळाची दोरी. तागाचे किंवा घायपाताचे लांब धागे चालतात. तिरंदाजीच्या दुकानातला डेक्रॉन बी-५० हा कृत्रिम धागा मिळाला तर निश्चिंती, तीस पाऊंडाला दहा पदर पुरतात. पदरांचे दोन सारखे भाग करा. प्रत्येक भागाला उजवीकडे पीळ द्या आणि दोन्ही भाग एकमेकांवरून डावीकडे नेत चला. दोन्ही पीळ एकमेकांना अडवून धरतात, गाठ लागत नाही. वरच्या टोकाला फास, खालच्या टोकाला दोरी खाचेभोवती फिरवून स्वतःभोवतीच तीन-चार वेढे. हे वेढे सोडून लांबी कमी-जास्त करता येते. दोरी धनुष्याहून साधारण तीन इंच आखूड बसते. कुठलाही धागा घ्या, धनुष्याच्या ताकदीच्या चौपट वजन तोलता आलं पाहिजे. नव्या दोरीला मेण चोळा आणि जिथे बाण बसतो तिथे चार इंच बारीक दोरा गुंडाळा.

चढवताना खालचं टोक पावलाच्या आतल्या कडेला टेकवा, पाठ आपल्याकडे. एका हाताने मूठ स्वतःकडे ओढा, दुसऱ्याच्या तळव्याने वरचा बाहू पुढे ढकला आणि बोटांनी फास खाचेत सरकवा. गुडघ्यावर ठेवून वाकवू नका.

लाकूडच हवं असेल तर

धामण. औजारांच्या दांड्यांना आणि खांद्यावरून ओझं वाहायच्या काठीला ती पूर्वापार वापरतात, आणि धनुष्यालाही. बोटभर-दीड बोट जाडीची फांदी नको, मनगटाएवढं सरळ खोड हवं. साल हळूच सोला. सालीखाली जो गुळगुळीत लाकडाचा पृष्ठभाग दिसतो तीच पाठ, तिला पुढे काही लावायचं नाही. बाकी सगळं वरच्यासारखंच, फक्त वाळायला जास्त वेळ लागतो आणि वाळताना मध्याशी तडकू नये म्हणून खोड आधीच उभं चिरून ठेवावं लागतं. झाड तोडायचं तर परवानगीचं बघावं लागतं, म्हणून मी बांबूच सुचवतो.

शेवटचा हात आणि पहिले बाण

कडांचे धारदार कोपरे पॉलिश पेपरने गोल करा. भेग बहुतेक वेळा टोकदार कडेतून सुरू होते. आधी १२० नंबर, मग २२०. पोटाला आणि कडांना जवसाच्या तेलाचे तीन-चार पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण सुकल्यावरच पुढचा. मुठीला सुती दोरी किंवा चामड्याची पट्टी गुंडाळा.

बाण फार हलका नको. तीस पाऊंडाच्या धनुष्याला बाण वीस ग्रॅमचा तरी असावा. हलका बाण धनुष्यातली सगळी ताकद घेऊन जात नाही, उरलेली धनुष्यातच धडकते. बाण न लावता दोरी सोडणं तर कधीच नको, कारण तेव्हा सगळीच धडकते. पाहुणे आले की हटकून कुणीतरी तसंच करायला जातं, तेव्हा धनुष्य दाखवतानाच हे सांगून ठेवा.

पहिले पन्नासेक बाण दहा मीटरवरून, भाताच्या पेंढ्याच्या घट्ट बांधलेल्या भाऱ्यावर, मागे भिंत किंवा मातीचा चढ असेल अशा जागी. पक्षी, ससे यांच्याकडे रोखू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती धनुष्यालाही लागू आहे. पाच-पाच बाणांनंतर सालीवरून नखाच्या मागच्या बाजूने हात फिरवा. कुठे कुसळ उभं राहिलेलं लागलं तर तिथे लगेच दोरा गुंडाळून गोंद भरा आणि ते सुकेपर्यंत ओढू नका. पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या दिसल्या तर तो भाग दमला आहे. त्याच्या दोन्ही बाजूंचं आणखी थोडं काढून ताण वाटून द्या, भले धनुष्य २५ पाऊंडांवर आलं तरी चालेल.

काम झालं की दोरी उतरवायची, रोज. धनुष्य भिंतीला तिरकं टेकवून ठेवू नका, दोन खुंट्यांवर आडवं ठेवा. पावसाळ्यात बांबू ओल धरतो आणि काट्यावर एखाद-दोन पाऊंड कमी दिसतात. त्या दिवसांत खरवडायला घेऊ नका, ऑक्टोबरच्या उन्हात ते परत येतात.